युसूफची दोन बोटं

नाशिकरोड स्टेशनवर मला पोहोचवायला सात माणसं आली होती आणि ती माझ्याशी कमी, माझ्या उजव्या हाताशीच जास्त बोलत होती. आई म्हणाली, "हात जप रे बाबा." शेजारच्या इंदूमावशीनं दंडाला गुंडाळायला एक लोकरीचा पट्टा विणून आणला होता, कारण तिकडे थंडी फार असते असं तिला कुणीतरी सांगितलेलं. बाबांनी तर कमालच केली. ते स्टेशनच्याच मालधक्क्यावर हमाल होते, दिवसभर पोती वाहून त्यांच्या पाठीचं लाकूड झालेलं, तरी माझी पत्र्याची ट्रंक त्यांनी मला उचलूच दिली नाही. "तू नको धरू. खांद्याला झटका बसंल." बावीस वर्षांचा घोडा मी रिकाम्या हातानं पुढे, आणि मागून डोक्यावर ट्रंक घेतलेला बाप. धक्क्यावरचे त्यांचे सोबती बघून हसत होते. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर फार भारी वाटत होतं.

आणीबाणी उठून वर्षभर झालं होतं. मी जबलपूरच्या एका कारखान्यात चाललो होतो. कागदावर नोकरी स्टोअरमधल्या हेल्परची, पण हेल्पर त्यांना गावात हवे तितके मिळाले असते. मला बोलावलं होतं ते सॉफ्टबॉलचा पिचर म्हणून. आमच्या वस्तीत तोवर खेळून कुणाला नोकरी लागली नव्हती. खेळतो म्हणून मार मात्र पुष्कळांनी खाल्ला होता, त्यात मीही होतो. त्यामुळे बाबा जो भेटेल त्याला सांगत सुटले होते, "आमच्या मधूला चेंडू फेकायचा पगार हाय." ऐकणाऱ्याला ते खोटं वाटायचं.

युसूफ सगळ्यात शेवटी आला. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना पुलावरून धावत धावत. तो माझा कॅचर. आठवीपासून त्या दिवसापर्यंत मी टाकलेला जवळजवळ प्रत्येक बॉल त्यानं धरलेला. धापा टाकतच तो म्हणाला, "अबे, अब्बा काज संपवल्याशिवाय सोडेनात." मग खिडकीच्या गजांतून त्यानं माझा दंड दाबून पाहिला, आणि म्हणाला, "ऐक. तिथं जागा निघाली की मला बोलव. तिथल्या कॅचरला तुझा ड्रॉप झेपायचा नाही."

"तुला नाही बोलावणार तर कुणाला?" मी म्हणालो. "चार-सहा महिने थांब फक्त."

हे मी बोललो ते माझ्या आईनं ऐकलं, बाबांनी ऐकलं, इंदूमावशीनं ऐकलं. सात जण साक्षीला होते. गाडी हलली तेव्हा सगळे हात हलवत होते, आणि युसूफ तेवढा खिडकीबरोबर चालत येत होता, फलाट संपेपर्यंत.

तुमच्यापैकी किती जणांना हा खेळ ठाऊक आहे कुणास ठाऊक, म्हणून थोडक्यात सांगतो. नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. क्रिकेटात जसा बोलर, तसा सॉफ्टबॉलमध्ये पिचर. पण तो धावत येत नाही, जागेवर उभा राहून हात खालून गरकन फिरवून फेकतो. समोर बॅटवाला आणि त्याच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर. कॅचरच्या डाव्या हातात जाड ग्लोव्ह असतो, उजवा हात उघडा. कुठला बॉल टाकायचा ते कॅचर ठरवतो, आणि मांड्यांच्या मध्ये बोटं धरून पिचरला खूण करतो. आमचं साधं होतं. एक बोट म्हणजे सरळ, दोन बोटं म्हणजे ड्रॉप. ड्रॉप म्हणजे सरळ येतोय येतोय असं वाटणारा आणि बॅटीपाशी येऊन गुडघ्याखाली डुबकी मारणारा बॉल. पिचरला खूण पटली नाही तर त्यानं मान हलवायची. मग कॅचर दुसरी खूण देतो. तिथे वाद घालायचा नसतो, कारण समोरचा बॅट घेऊन उभा असतो.

आमच्या पगारे सरांनी हा खेळ शाळेत आणला. पीटीचे मास्तर. कुठल्याशा शिबिराला जाऊन येताना एक बॅट, दोन बॉल आणि तीन फाटके ग्लोव्ह घेऊन आले. माझा हात लांब, म्हणून मी पिचर. युसूफ ठेंगणा, उकिडवा बसून न कंटाळणारा, म्हणून तो कॅचर. त्याच्या अब्बांचं दूध बाजारात टेलरिंगचं छोटं दुकान होतं. नावाला टेलरिंग, खरं काम म्हणजे मेन रोडच्या मोठ्या दुकानांतून येणाऱ्या कपड्यांना हातानं काजं करायची, तुरपाई करायची. शेरवानीच्या गळ्याची काजं तर नाशिकमध्ये त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाहीत असं लोक म्हणायचे. शाळा सुटली की युसूफ त्यांच्याशेजारी बसून काजं करायचा. कॅचरचा ग्लोव्ह फाटला तेव्हा बापलेकांनी मिळून नवा शिवला. चांभाराकडचं चामडं, आत सरकी काढलेला कापूस, वरून दुहेरी टाके. तो ग्लोव्ह इतका बोजड होता की घालून हात वर करता यायचा नाही. पण बॉल त्यातून कधी सुटला नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो. लोक म्हणायचे, मधूच्या हातात जादू आहे. हात माझाच होता, पण डोकं युसूफचं. बॅटवाल्याची टाच कुठं आहे, तो घाबरलाय का, मागचा बॉल त्यानं कसा खेळला, हे सगळं तो खालून बघायचा आणि बोटं दाखवायचा. मला फक्त फेकायचं असायचं. सामना जिंकला की मला खांद्यावर घ्यायचे आणि युसूफ मागे ग्लोव्ह, बॅटी गोळा करत असायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. निदान मला तरी तसं वाटायचं.

इदगाहच्या मैदानावर बाहेरगावच्या संघांच्या स्पर्धा भरल्या, तेव्हा जबलपूरच्या कारखान्याचे तिवारी साहेब आले होते. खेळाडू निवडणं हेच त्यांचं काम. उपान्त्य सामन्यानंतर त्यांनी आम्हा दोघांकडूनही फॉर्म भरून घेतले. नाव, पत्ता, उंची. पण जागा एकच होती, आणि एकच जागा असली की पिचरला घेतात. युसूफ म्हणाला, "बरोबर आहे. मीही तेच केलं असतं."

जबलपूरला पहिले काही महिने मी रडलो, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. सहा जणांची बरॅक, सकाळी स्टोअरमध्ये हजेरी, दुपारी दोननंतर मैदान. भाकरी नाही. मिसळ नाही. माझं हिंदी ऐकून पोरं हसायची. तिथे सगळे एकमेकांना 'बड्डे' म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ. "काए बड्डे, का हाल?" मला वाटायचं, माझं नाव यांना पाठ होत नाहीये. चहाच्या टपरीवर मी सॉफ्टबॉल खेळतो सांगितलं की टपरीवाला विचारायचा, "अच्छा, कितने विकेट लिए?" शेवटी शेवटी मी "चार" म्हणून मोकळा व्हायचो. नर्मदेवर गेलो तर लोक म्हणत, गंगेपेक्षा मोठी. मला मात्र रामकुंडाजवळचा बुधवारचा बाजार आठवायचा, आणि आई तिथल्या कुठल्या भाजीवालीशी भांडत असेल ते.

नवा कॅचर होता. रणजीत नावाचा, अंगानं मजबूत, स्वभावानं चांगला. पण त्याला ड्रॉप धरता यायचा नाही. तो बोटं दाखवायचा ती नुसती आळीपाळीनं, एक, दोन, एक, दोन. मग मी स्वतःच ठरवायला लागलो. युसूफनं काय मागितलं असतं, असा विचार करायचो आणि तसा बॉल टाकायचो. चांगलं चाललं. तिवारी साहेब म्हणाले, "लड़के में दिमाग़ है." त्या दिवशी मी दुरुस्ती केली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, कारखान्याचा निळा ट्रॅकसूट घालून. वस्तीत मिरवलो, शाळेत जाऊन सरांच्या पाया पडलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी युसूफला घेऊन इदगाहवर गेलो. म्हटलं, तुला दाखवतो मी काय शिकलोय. चार टाळकी बघायला जमली. युसूफ तोच घरी शिवलेला ग्लोव्ह घालून बसला. पंधरा-वीस बॉल झाले, आणि तो खुशीत ओरडला, "क्या बात है मधू, वेग वाढला रे!"

मग त्यानं एक बोट दाखवलं. मी मान हलवली. मला ड्रॉप दाखवायचा होता, नवा, आधीपेक्षा खोल. त्यानं मुकाट्यानं दोन बोटं धरली. मी पूर्ण ताकद लावली, सामन्यातही लावत नाही इतकी. समोर बॅटवालासुद्धा नव्हता, नुसता माज. बॉल लवकर डुबला, त्याच्या पुढ्यात जमिनीवर आपटला आणि उसळला. तो अडवायला त्यानं उघडा उजवा हातही पुढे घातला.

आवाज मला माझ्या जागेवर ऐकू आला. मी धावत गेलो. त्याची अंगठ्याजवळची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. चेहरा पांढराफटक. आणि या माणसानं मला काय म्हणावं? "सुटला नाही ना? बघ, ग्लोव्हमध्येच आहे."

पंचवटीतल्या हाडवैद्यानं कामट्या लावून बोटं बांधली. दीड महिना म्हणाला. मी घरी सोडायला गेलो तेव्हा अब्बा काज करत बसले होते. त्यांनी बांधलेल्या हाताकडे पाहिलं, सुई खाली ठेवली, आणि मला म्हणाले, "बैठो बेटा, चाय पियो." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं सांगायला मला इतकी वर्षं लागली. जरा सावकाश सांगतो.

मी परत गेलो. महिना झाला असेल, आणि एक दिवस तिवारी साहेबांनी स्टोअरमध्येच गाठलं. "मधुकर, वो नासिक वाला तेरा कैचर कैसा है? एक जगह निकली है. फरवरी में ट्रायल लेंगे."

त्याच आठवड्यात युसूफचं पत्र आलेलं माझ्या खिशात होतं. बोटं सुधारतायत, फेब्रुवारीपर्यंत ठणठणीत होतील, तू साहेबाला काही बोलू नकोस, असं त्यात होतं. मी फक्त "बढ़िया है साहब" एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. पुढचं त्याचं त्यानं पाहिलं असतं.

मी म्हणालो, "उसकी उँगलियाँ टूटी हैं साहब."

"ठीक हो जाएँगी न?"

"मुश्किल है."

साहेब "अच्छा" म्हणाले आणि गेले. मला वाटलं, विषय संपला.

का केलं असं? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी तेव्हा कायम झालो नव्हतो, मोडक्या हाताचा माणूस सुचवला असता तर माझीच नोकरी गेली असती, घरी बाबांची पाठ मोडत चाललेली. हे सगळं खरं आहे. पण ते कारण नव्हतं. कारण एवढंच होतं की युसूफ आला असता तर पहिल्याच सामन्यात सगळ्यांना कळलं असतं, डोकं कुणाचं आणि हात कुणाचा. "लड़के में दिमाग़ है" हे मला फार आवडलं होतं हो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तसं म्हटलं होतं. ते मला वाटून घ्यायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी युसूफला पत्र टाकलं. इथे सध्या जागा नाही. निघाली की मीच कळवीन. तू वाट बघत बसू नकोस. उलट टपाली त्याचं उत्तर आलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, कारण डाव्या हातानं लिहिलेलं. "ठीक आहे. तू हात सांभाळ."

त्यानंतर माझं सगळं चांगलं झालं, हेच तर दुखणं आहे. मार्चमध्ये कायम झालो. क्वार्टर मिळालं. मनमाडची सुमन बायको म्हणून आली. ती पहिल्या वर्षी रडली आणि दुसऱ्या वर्षी तिथल्या बायकांना ठेचा करायला शिकवू लागली. दोन मुलं झाली, ती मला 'पापा' म्हणतात आणि नाशिकला 'नासिक'. कारखान्याच्या संघानं ढाली आणल्या, पेपरात फोटो आले, मी ते कापून बाबांना पाठवायचो आणि ते धक्क्यावरच्या हमालांना दाखवत फिरायचे. दर वर्ष-दोन वर्षांनी गावी यायचो तेव्हा युसूफला भेटायचो. त्याची बोटं वाकडीच जुळली होती. सुई धरता येत नव्हती. काजाचं काम गेलं, मग अब्बा गेले, मग त्यानं त्याच दुकानात इस्त्रीचं टेबल टाकलं. तो मला सामन्यांबद्दल खोदून खोदून विचारायचा. कुठल्या बॅटवाल्याला काय टाकलंस? का टाकलंस? आणि मी सांगत बसायचो. बोटांचा विषय मी काढत नसे, आणि तोही काढत नसे.

मग कारखान्यात एक नवे साहेब आले आणि त्यांना बेसबॉलचं वेड लागलं. बेसबॉल म्हणजे याच खेळाचा मोठा भाऊ, पण त्यात बॉल खालून नाही, डोक्यावरून हात आणून फेकायचा. आमच्या सगळ्या संघाला हुकूम सुटला, आजपासून हे खेळा. तिशीनंतर मी हात उलटा फिरवायला शिकलो. दोन वर्षं जमलं. माणसं बघायला यायची, टाळ्या पडायच्या. तिसऱ्या वर्षी खांद्यातून कळ यायला लागली, इंजेक्शनं घेऊन खेळलो, आणि एका सामन्यात बॉल सोडला तो समोर न जाता माझ्याच पायाशी पडला. लोक हसले. हात वर गेला नाही तो पुन्हा कधी गेलाच नाही. साहेबांनी हार घातला, घड्याळ दिलं, आणि सोमवारपासून मी खरोखरीचा हेल्पर झालो. वरच्या फळीवरचं खोकं काढायला मला आजही दुसऱ्याला हाक मारावी लागते. नव्या पोरांना ठाऊकच नाही मी कोण होतो. "दादा, हटिए, हम निकाल देते हैं."

बाबा गेले त्या वर्षी मी पंधरा दिवस नाशिकला होतो. आईला कायमची जबलपूरला घेऊन जायचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या दुपारी युसूफकडे गेलो. तो कोळशाची इस्त्री फिरवत होता. मूठ अंगठा आणि शेवटच्या दोन बोटांत धरलेली, अंगठ्याजवळची ती दोन बोटं सरळ बाहेर ताठ. त्यानं चहा मागवला. मी माझी रडकथा लावली. खांदा गेला, कुणी विचारत नाही, साहेब ओळख दाखवत नाहीत. आणि बोलता बोलता, कुणी विचारलेलं नसताना, मी म्हणालो, "तू नाही आलास तेच बरं झालं युसूफ. तशी तिथं जागाही नव्हती म्हणा."

तो शर्टाची कॉलर दाबत होता. मान वर न करता म्हणाला, "मला तर पत्र आलं होतं."

"कसलं?"

"तुझ्या साहेबाचं. ट्रायलला या म्हणून. फॉर्मवर पत्ता होता ना. तुझं पत्र मंगळवारी आलं, त्याचं शुक्रवारी." तो चक्क हसला. "अब्बा म्हणाले, जा, छापील कागद आहे, शिक्का आहे. मी म्हटलं, नाही अब्बा, ऑफिसवाल्यांची काहीतरी गफलत झाली असणार. जागा असती तर मधूनं लिहिलं असतं. तू मान हलवलीस म्हटल्यावर मी कशाला वाद घालू?"

"मग मला कळवलं का नाहीस? दहा वर्षांत एकदाही?"

"तुला कशाला उगाच त्रास? तू तिथं नवा. ऑफिसनं परस्पर बोलावलं आणि तुला पत्ताच नाही, हे तुला लागलं असतं."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी गप्प बसू शकलो असतो. तो विषय त्याच्यासाठी कधीच संपला होता. ऑफिसची चूक. नशीब. उठून, चहाचा कप ठेवून निघालो असतो, तर आजही मी त्याच्याकडे जाऊ शकलो असतो. पण माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं. जागा होती. साहेबांनी मलाच विचारलं होतं. तुझी बोटं मोडलीयत असं मीच सांगितलं, आणि तुला जागा नाही असं मीच लिहिलं.

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. शर्टाची घडी घातली, सावकाश, बाह्या मागे, कॉलर वर. रस्त्यावरून एक हातगाडीवाला केळी ओरडत गेला. मी वाट पाहत होतो की तो आता काहीतरी फेकून मारेल.

"एवढंच सांग," तो म्हणाला. "बोटं मोडलीयत हे साहेबाला सांगितलंस. कुणाच्या बॉलनं मोडली, ते सांगितलंस का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली आणि दुसरा शर्ट ओढला. मी काय काय बोलत होतो ते मला आता आठवत नाही. माफ कर म्हणालो असेन, तुझ्या मुलीचं लग्न मी करून देतो असलं काहीतरी मूर्खासारखंही बोललो. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. त्यानं शर्टावर पाण्याचे शिंतोडे मारले, आणि इस्त्री ठेवली तेव्हा चर्र आवाज झाला. शेवटी मी उठलो. सवयीनं म्हणालो, "बरं, येतो."

आपल्याकडे याला एकच उत्तर असतं. वैऱ्यालासुद्धा आपण "या" म्हणतो. मला पाहिल्यापासून त्यानं हजार वेळा म्हटलेलं, "ये रे, लवकर ये." तो शर्टावरून नजर न उचलता म्हणाला, "जा."

मी शालिमारच्या बस थांब्यापर्यंत चालत आलो. बस भरलेली होती, उभाच राहिलो. दुसऱ्या दिवशी आईला आणि तिच्या दोन बोचक्यांना घेऊन गाडीत बसलो. पोहोचवायला इंदूमावशी तेवढी आली होती. तिनं आईचा हात धरला, आणि माझ्या हाताबद्दल या वेळी कुणी काही बोललं नाही.

मी त्याला पत्रं लिहिली. पहिली दोन लांबलचक, मग एक लहान. उत्तर नाही. एकदा पगारे सरांचं कार्ड आलं, त्यात एक ओळ होती, युसूफ बरा आहे, मुलीला शाळेत घातलं. म्हणजे त्याचा राग माझ्यापुरता आहे. तो तसाच असायला हवा.

तुम्ही गावात राहिलेले लोक आम्हाला म्हणता, मजा आहे तुमची. आणि आम्ही गेलेले एकमेकांना भेटलो की गावच्या मिसळीचं, द्राक्षांचं कौतुक करतो आणि डोळे पुसतो. मीही करतो. पण खरं सांगू, मला मिसळीची आठवण येत नाही. जबलपूरची माणसं फार चांगली आहेत. कुणाकडेही गेलो तरी "आइए, बैठिए" होतं, निघालो की "फिर आइएगा." माझ्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही आणि माझ्यामुळे त्यांचं काही बिघडलेलंही नाही. मला तोंडावर "जा" म्हणायचा हक्क या जगात एकाच माणसाला आहे, आणि तो दूध बाजारात इस्त्री करतो. तो जिथे राहतो ते माझं घर. दुसरं कुठलं म्हणू?

धाकटी परवा विचारत होती, "पापा, हमारा असली घर कौन सा है?" मी म्हणालो, नासिक. तिच्यासारखाच उच्चार केला मी, तिला समजावं म्हणून. "तो फिर हम वहाँ जाते क्यों नहीं?" आई कोपऱ्यात गहू निवडत होती, तीही हात थांबवून माझ्याकडे बघू लागली.

मी म्हणालो, "बोलावलं की जाऊ."